गाठीतला रुपया

कारंजा लाड
९ नोव्हेंबर २०२४

चि. वैजयंती,

जय जिनेंद्र आणि आशीर्वाद.

भाऊबीजेला माहेरी आलीस आणि दोन घरं पलीकडे राहणाऱ्या काकाला तोंड न दाखवता परत गेलीस. लहानपणी माझं भिंग हातातून सोडत नव्हतीस, ती हीच का पोरगी? तुझा नवरा बरा म्हणायचा. लखनने गाडीत बसण्याआधी दुकानात येऊन तू दिलेला तुझ्या सासूबाईंचा रुपया हातात ठेवला, चहाला मात्र थांबला नाही.

या पत्राचं उत्तर फोनवर देऊ नकोस. उजवा कान गेला आणि डावा त्याच्या मागे निघाला आहे. फोनवर मला अर्धं ऐकू येतं, उरलेलं मी मनाने भरतो, आणि त्यावरून घरात भांडणं होतात. फोटोही नको. फोटोत चांदीचा रंग कधी खरा दिसत नाही.

आता रुपया. पंचम जॉर्जचा, १९१८ चा. असे आपल्याकडे घरोघरी निघतात. नवल आहे ते त्याच्या रंगाचं. रंगीत चांदी हातात आली की ती मुद्दाम रंगवलेली आहे असंच मी धरून चालतो. हल्ली रंगीत नाण्यांमागे लोक वेडे झाले आहेत, त्यामुळे घरबसल्या नाणी रंगवणारेही निघाले आहेत. खरा रंग हवेतल्या गंधकाने चढतो आणि सावकाश चढतो. आधी फिकट पिवळा, मग तांबूस, मग जांभळा, मग निळा. कडेकडून आत येतो, अक्षरांच्या आडोशाला थबकतो. नाणं उजेडात कलतं केलं की रंगाच्या खालून झळाळी फिरते. खोट्यात मधल्या पायऱ्या गाळून एकदम निळा येतो, अक्षरांवरून सरळ पसरतो आणि खाली झळाळी मेलेली असते.

तुझ्या रुपयात सगळं जिथल्या तिथे आहे. शिवाय राजाच्या बाजूला कापडाची वीण उमटली आहे, भिंगातून धागे मोजून घ्यावेत इतकी स्वच्छ. मागच्या बाजूला मधोमधून कडेकडे गेलेल्या चुण्या आहेत. एक लांबट आणि एक गोल फिकट ठसा आहे, म्हणजे तिथे नाण्याला काहीतरी टेकून होतं. मला वाटतं हा रुपया गाठीत बांधलेला होता आणि ती गाठ वर्षानुवर्षं कुणी सोडली नाही. बरोबर की चूक ते लिही.

जानेवारीत अकोल्याला नाणी जमवणाऱ्यांचा मेळावा आहे. तिथे मी रंगीत चांदीचं तबक मांडतो आणि प्रत्येक नाण्याखाली चिठ्ठी ठेवतो: ‘रंग नैसर्गिक. माणिकचंद.’ त्या चिठ्ठीवर लोक डोळे मिटून विश्वास ठेवतात. दुकान माझं काही मोठं झालं नाही, कमावलं ते एवढंच. तुझ्या सासूबाई हा रुपया तबकात ठेवायला देतील का? आणखी असे असतील तर तेही पाठव.

तुझा,
माणिकचंदकाका

⁂

केनवड
१९ नोव्हेंबर २०२४

प्रिय काकांना वैजयंतीचा नमस्कार,

भाऊबीजेचा राग पोचला. शिलाईची कामं अडली होती, आठ ब्लाऊज तसेच टांगून आले होते. पुढच्या वेळी आधी तुमच्याकडे, मग आईकडे.

तुमचं पत्र मी सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं. चुण्यांपर्यंत आले तेव्हा सासूबाई हातातली तुरीची शेंग तशीच धरून बसल्या. म्हणाल्या, “हा मानूस ज्योतिषी हाये का वं? याले कोनं सांगतलं?”

गाठीतलाच आहे, काका. सासूबाईंच्या लग्नात नवरदेवाचा शेला आणि नवरीचा शालू यांची जी गाठ मारतात, तिच्यात हा रुपया होता. लांबट ठसा हळकुंडाचा, गोल सुपारीचा. त्यांच्याकडे ही गाठ कुलदेवीपुढे जाऊन सोडायची रीत. पहिल्या वर्षी नाल्याला पूर, दुसऱ्या वर्षी मोठे दीर जन्मले, तिसऱ्या वर्षी बैल आजारी. मग “जाऊ पुढच्या साली” हेच चालू राहिलं. गाठीपुरता शालूचा पदर कापला आणि ती पेटीत ठेवली ती ठेवलीच. या दिवाळीत पेटी उघडली तर उंदराने शेला कुरतडलेला. मामंजी, म्हणजे मारोतराव, म्हणाले, “आता कायले देवीकडे जाता? उंदरानंच सोडली गाठ.” सासूबाई दोन दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

रुपया तबकात ठेवायला त्यांची हरकत नाही. नाव मात्र माझं, रंगूबाईचं, लावा म्हणतात, मारोतरावांचं नको.

आणखी रुपये आहेत का विचारलंत. मी नाहीच म्हणणार होते, कारण लक्ष्मीपूजनाचे रुपये आम्ही दर दिवाळीला चिंच आणि राख लावून आरशासारखे करतो. पण परवा लखनने तीन रुपये आणून दिले. आईच्या जुन्या डब्यात तळाशी होते म्हणाले. मी ते कधी पाहिल्याचं आठवत नाही. निळा, जांभळा, सोनेरी, सगळं आहे त्यांच्यावर. तिन्ही पाठवत आहे. शिवणकामामुळे कापडाची वीण मला कळते, ती यांच्यावर दिसली नाही. बाकी तुम्ही पाहा.

तुमची,
वैजयंती

⁂

कारंजा लाड
२८ नोव्हेंबर २०२४

चि. वैजयंती,

जय जिनेंद्र.

रंगूबाईंना माझा नमस्कार सांग आणि उंदरालाही. हळकुंड आणि सुपारी! मी दोन रात्री डोकं खाजवत होतो. इतक्या वर्षांत चांदीवर कापड उमटलेलं पाहिलं, कागद उमटलेला पाहिला, पण अख्खं लग्न उमटलेलं पहिल्यांदाच पाहिलं. चिठ्ठीवर रंगूबाईंचंच नाव लावीन.

ते तीन रुपयेही पोचले. खरं सांगायचं तर एकावर निळा जरा घाईने आल्यासारखा वाटला. दुसऱ्यावर बारीक रेघांमध्ये रंग गडद साचला आहे. पण पुडी उघडली तेव्हाच एक वास आला. ओळखीचा होता, नाव सापडेना. शेवटी तुझ्या काकूला, सूरजबाईला, हुंगायला दिला. तिने क्षणात सांगितलं, काळं मीठ. अगदी बरोबर! काळ्या मिठात गंधक असतं. म्हणजे तो डबा तुमच्या स्वयंपाकघरात काळ्या मिठाच्या बरणीशेजारी पडून असणार. जवळ असल्यामुळे निळा लवकर आला आणि रेघांत जास्त बसला. सगळा उलगडा झाला.

दुसऱ्या कुणाकडून आले असते तर मी हे रुपये महिनाभर घोळवले असते. पण तुझ्या घरचे आहेत, तिथे शंका कसली घ्यायची? अकोल्याच्या हरिसिंगजींना कालच पत्र टाकलं. मेळावा तेच भरवतात. यंदाच्या तबकात केनवडच्या एकाच घरातले चार रुपये, चारही नैसर्गिक रंगाचे, माझ्या शब्दावर, असं कळवलं आहे. ते छापील पत्रकात घालणार आहेत.

यंदा तूर कशी आहे?

माणिकचंदकाका

⁂

केनवड
५ डिसेंबर २०२४

प्रिय काकांना नमस्कार,

तूर बरी आहे. सकाळी धुकं पडतं त्याची जरा धास्ती वाटते.

तुम्ही वासाबद्दल लिहिलेलं मी दोनदा वाचलं. काकू काय म्हणाल्या तेही पुन्हा वाचलं.

काका, तबकात गाठीचा एकटाच रुपया ठेवला तर नाही का चालणार? तो एकटा जास्त उठून दिसेल असं मला वाटतं. बाकीच्या तिघांत काही विशेष नाही. तुम्हालाही निळा घाईचा वाटला होताच, आणि रेघांचंही तुम्हीच लिहिलं होतं. त्या रेघा चिंच-राखेने घासल्याच्या असतील. तुम्ही उजेडात नाणं कलतं करायला मला शिकवलं होतं, तसं त्या तिघांना पुन्हा एकदा करून पाहाल का? घाई नाही. नाहीतर सरळ परत पाठवा. सासूबाईंना ते घरात नसले की चुकल्यासारखं वाटतं.

हरिसिंगजींचं पत्रक छापून झालं का?

काकूंना नमस्कार. थंडी आहे, कान बांधून बसत जा.

वैजयंती

⁂

कारंजा लाड
११ डिसेंबर २०२४

चि. वैजयंती,

तुझं पत्र वाचून हसलो आणि थोडा रागावलोही. तुमच्या घरात नजर लागायची भीती शिरली आहे हे मला कळत नाही असं समजू नकोस. चार रुपये एकदम लोकांपुढे मांडले तर घराला दृष्ट लागेल, असं रंगूबाईंच्या मनात आलं असणार. आणि तू सून म्हणून त्यांची बाजू घेऊन मलाच परीक्षा घ्यायला सांगतेस! अगं, तू परकर घालून फिरत होतीस तेव्हापासून मी नाणी कलती करतो आहे.

पत्रक छापून आलं. सोबत एक पाठवतो. तळाशी केनवडचं नाव आहे, ते मामंजींना दाखव, त्यांना आवडेल. चिठ्ठ्याही लिहून झाल्या. आता एक नाणं जरी काढलं तरी लोक विचारतील, माणिकचंदचा शब्द महिन्याभरात का बदलला? माझ्यापाशी तेवढा शब्दच आहे, तो असा मागे घेता येत नाही.

तेव्हा रंगूबाईंना सांग, मेळावा संपला की चारही रुपये जसेच्या तसे घरी येतील. मी स्वतः तबकापासून हलणार नाही. सूरजबाई डबा घेऊन सोबत बसणार आहे.

माणिकचंदकाका

⁂

केनवड
१६ डिसेंबर २०२४

काका,

तो वास काळ्या मिठाचा नाही. उकडलेल्या अंड्याचा आहे.

तुमचं वासाचं पत्र वाचलं त्याच क्षणी मला कळलं होतं. आमच्या बसस्टँडवर मुन्ना अंड्यांची गाडी लावतो. तिच्याजवळून जाताना काळ्या मिठासारखाच भपकारा येतो. तुम्ही आणि काकूंनी जन्मात अंडं घरात आणलं नाही, तुम्हाला कसं कळणार? मी लगेच लिहायला हवं होतं. पण नवऱ्याचं नाव पुढे येईल म्हणून आडवळणाने लिहीत बसले आणि तुम्ही नजरेची समजूत करून घेतलीत. चूक माझी आहे.

लखनने तुमचं पहिलं पत्र ऐकलं आणि पूजेचे तीन रुपये उचलून मुन्नाकडे गेले. मोबाइलवर कुणीतरी दाखवलं होतं तसं, उकडलेली अंडी चिरून रुपयांसोबत स्टीलच्या डब्यात बंद करून ठेवली. सकाळी रंग तयार. घरात सासूबाई अंडं येऊ देत नाहीत, म्हणून हे सगळं मुन्नाच्या गाडीवर झालं. मुन्नानेच मला सांगितलं, तेही कौतुकाने.

मी लखनला विचारलं तेव्हा ते म्हणाले, “मले वाटलं मायचा एकच रुपया तिथं एकटा कायले ठेवाचा? चार असले त शोभतीन. अन् खोटं काय त्यात? रुपया त खराच हाये, रंगच त लावला.” मी म्हटलं, काका त्या रंगावर स्वतःचं नाव लिहितात. त्यांना खरंच ठाऊक नव्हतं, काका. पैशाचा लोभ त्यांच्या मनात नव्हता, आईचं नाव मोठं व्हावं एवढंच होतं.

सासूबाईंना कळलं तेव्हा त्या ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, “त्या देवमानसाच्या हातात अंडं देल्लं तू?” तेव्हापासून लखन घरात मान खाली घालून जेवतात.

पत्रकावर तुमचं नाव छापून आलं आहे आणि ते आमच्यामुळे खोटं पडणार. मला फार वाईट वाटतं. काय करायचं ते सांगा, आम्ही करू.

वैजयंती

⁂

कारंजा लाड
२४ डिसेंबर २०२४

चि. सौ. वैजयंतीस सूरजकाकूचा आशीर्वाद,

यांनी तुला उत्तर लिहिलेलं नाही, म्हणून मी लिहिते. माझ्या अक्षराला हसू नकोस.

तुझं पत्र यांच्या डाव्या कानाशी वाचून दाखवलं मीच. अंडं या शब्दापाशी मी थांबले, तर हे म्हणाले, पुढे वाच. अगं, माझ्या देवघराशेजारच्या कपाटात! मी कपाट धुतलं, पुड्या बाहेर काढल्या, स्वतःचं नाक सुद्धा धुतलं. कारण हुंगून काळं मीठ म्हणणारी मीच. आता आठवलं की मला हसू येतं, पण यांच्यासमोर हसायची सोय नाही.

यांचा तुझ्यावर राग नाही, लखनवरही नाही. स्वतःवर आहे. भिंग पेटीत ठेवून दिलं. दुकानात गिऱ्हाईक नाणं घेऊन आलं तर म्हणाले, “मला कळत नाही.” हे शब्द मी लग्न होऊन आल्यापासून या घरात ऐकले नव्हते. हरिसिंगजींना पत्र लिहिलं आहे की मी यंदा येत नाही, यापुढेही येणार नाही, माझ्या शब्दाला आता अर्थ नाही. टपालात टाकायला माझ्याकडे दिलं. मी ते डाळीच्या डब्यामागे ठेवलं आहे. विचारलं की म्हणते, टाकलं.

मी त्यांना म्हटलं, आयुष्यात अंडं हुंगलं नाही म्हणून फसलात, ही काय जैनाने लाज बाळगायची गोष्ट झाली? तर म्हणाले, “नाकाचं नाही गं ते.” याच्यापुढे बोलत नाहीत.

माझं ते ऐकणार नाहीत. तुझं ऐकतील असं वाटतं. लवकर लिही, डाळ संपत आली आहे.

सूरजकाकू

⁂

केनवड
२९ डिसेंबर २०२४

प्रिय काकांना नमस्कार,

काकूंनी लिहिलं. रागावू नका त्यांच्यावर.

सोबत लखनची चिठ्ठी आहे. तीन वेळा फाडून लिहिली आहे, म्हणून लहान आहे.

मी काल एक काम केलं. मुन्नाच्या गाडीवर गेले, पूजेचा अजून एक रुपया त्याच्या डब्यात ठेवला आणि तिथेच स्टुलावर बसून राहिले. येणारे-जाणारे बघत होते, सासूबाईंना कोण सांगतं याची धास्ती होती. दर थोड्या वेळाने झाकण उघडून पाहिलं. रंग येतो, काका, पण सैरावैरा येतो. अंड्याला टेकला तिकडे निळा, दुसरीकडे तपकिरी, मधल्या पायऱ्या नाहीतच. अक्षरांपाशी थांबत नाही. घासल्याच्या रेघांत आधी शिरतो. उन्हात कलता केला तर झळाळी नाही, कारण ती आम्ही चिंचेने कधीच घासून टाकली आहे.

हे सगळं मी कुठून शिकले? तुमच्या पहिल्या पत्रातून. ते पत्र समोर ठेवून मी रुपया पाहिला आणि तुमची एकेक खूण बरोबर निघाली. आणि तुमच्या अठ्ठावीस नोव्हेंबरच्या पत्रात तुम्ही स्वतःच लिहिलं होतं, निळा घाईचा आहे, रेघांत रंग साचला आहे. तुमच्या डोळ्यांनी पकडलं होतं. तुम्ही त्यांचं ऐकलं नाही, कारण नाणी माझ्या घरून आली होती. काकूंना तुम्ही जे सांगितलं नाही ते हेच ना? मला ते वाचून रडू आलं. कुणी आपल्यावर इतका विश्वास ठेवावा आणि तोच त्याला नडावा.

तुम्ही घरी बसलात तर खोटे रंग पकडायचे कुणी? अकोल्याला जा. चारही रुपये न्या. खरा आणि खोटा शेजारी शेजारी ठेवा आणि काय घडलं ते लिहून टाका. लखनचं नाव लिहायचं असेल तर लिहा. ते स्वतः म्हणाले, “माह्यं नाव टाका म्हना. काकाचं नाव नोको खराब व्हाले.”

मला यायचं होतं, पण तुरीची काढणी त्याच आठवड्यात आहे.

तुमची,
वैजयंती

⁂

कारंजा लाड
१५ जानेवारी २०२५

चि. वैजयंती,

जय जिनेंद्र. सोबत सूरजबाईचे तिळगूळ. लखनला दोन जास्त दे.

तू लिहिलंस ते खरं होतं. मी नाणं पाहिलंच नव्हतं, तुझं घर पाहिलं होतं. हे स्वतःशी कबूल करायला मला तुझं पत्र लागलं. मग हरिसिंगजींना टाकलेलं पत्र परत कसं मागवायचं या विचारात पडलो, तर सूरजबाईने ते डाळीच्या डब्यामागून काढून हातात दिलं.

अकोल्याला गेलो. तबकात यंदा चारच नाणी ठेवली. रंगूबाईंच्या रुपयाखाली सगळ्या खुणा लिहिल्या, हळकुंड-सुपारीसकट. तिघांखाली मोठ्या अक्षरांत लिहिलं: ‘रंग उकडलेल्या अंड्याचा. ही नाणी मी आधी खरी म्हणून कळवली होती. मी फसलो. माणिकचंद.’ लखनचं नाव टाकलं नाही. फसलो मी, नाव माझंच.

पहिल्या दिवशी लोक वाचायचे आणि एकमेकांकडे पाहायचे. “म्हातारा संपला,” असं कुणीतरी म्हणालं म्हणे. मला ऐकू आलं नाही, सूरजबाईने घरी आल्यावर सांगितलं. बहिरेपणाचा एवढा फायदा पहिल्यांदाच झाला. दुसऱ्या दिवशी मात्र तबकापुढे रांग लागली. भिंग फिरत राहिलं. एक मंगरूळपीरची बाई गाठीचा रुपया पाहून म्हणाली, आमच्या सासूची गाठ पण अशीच बांधलेली आहे, आता तिला कुणी हात लावणार नाही. कितीतरी जणांनी खिशातून आपापली नाणी काढली आणि खरं काय ते विचारलं. याआधी लोक माझी चिठ्ठी वाचून पुढे जायचे. यंदा थांबून पाहायला शिकले.

संध्याकाळी सभागृह रिकामं झाल्यावर हरिसिंगजी आले. त्यांचा एक रुपया आहे, निळ्या-जांभळ्या रंगाचा, दरवर्षी दाराशीच काचेत ठेवतात. त्याबद्दल मला कधी विचारलं नव्हतं आणि मीही आपणहून बोललो नव्हतो. तो माझ्या हातात देऊन म्हणाले, “माणिकचंदजी, तुम्ही स्वतःबद्दल खरं लिहिलंत. आता याच्याबद्दल सांगा.”

मी तिथे उत्तर दिलं नाही. म्हटलं, आता आम्ही दोघं पाहतो, केनवडला एक जण आहे. त्यांच्या परवानगीने रुपया सोबत पाठवत आहे. माझं मत झालं आहे, पण तुला कळवणार नाही. ते सूरजबाईच्या कानात सांगून ठेवलं आहे. नाणं कुणाचं आहे हे तुला आता ठाऊक झालं, ते विसर आणि पाहा. हे मलाच जमलं नव्हतं, म्हणून तुला सांगतो. भिंगही पाठवतो. ते तुझ्याकडेच ठेव, माझ्याकडे दुसरं आहे.

माणिकचंदकाका

⁂

केनवड
२२ जानेवारी २०२५

काका,

रंग खोटा आहे.

मागच्या वेळी हेच सांगायला मी फार वेळ लावला, म्हणून या वेळी पहिल्या ओळीत लिहिलं.

रुपया सकाळच्या उन्हात ओट्यावर बसून पाहिला, मग दुपारी पुन्हा, मग एक दिवस जाऊ देऊन पुन्हा. वास कसलाच नाही, त्यामुळे नाकाचा उपयोग झाला नाही. निळा थेट पांढऱ्यावर बसला आहे, पिवळ्या-तांबड्याचा मागमूस नाही. वर्षाच्या आकड्यांवरून तो तसाच पुढे गेला आहे. राजाच्या गालावर झिजल्याची खूण आहे आणि त्या झिजलेल्या जागेवरही तोच रंग, तेवढाच गडद. म्हणजे नाणं वापरून झिजल्यावर, बऱ्याच उशिराने रंगवलं आहे. कलतं केलं तर झळाळी फिरत नाही.

हरिसिंगजी मोठे माणूस, मी त्यांना पाहिलंही नाही. लखन म्हणाले, “काका काय म्हनतात ते पाहून घे ना पयले.” मी म्हटलं, नाही. तुमचं मत वेगळं असेल तर मला कळवा, कुठे चुकले तेही सांगा, मी पुन्हा पाहीन. पण आज विचाराल तर माझं उत्तर हेच.

हरिसिंगजींना एवढं जरूर सांगा की रुपया अस्सल आहे, वाईट वाटून घेऊ नका. तो रंग काढायला काही लावू नका. मी सुती मांजरपाटाची एक लहान पिशवी शिवून त्यात घालून पाठवत आहे. तसाच राहू द्या. खरा रंग यायचा असेल तर तो त्याच्या वेळेने येईल. तो कदाचित तुम्ही-आम्ही पाहणार नाही, पण कुणीतरी पाहील.

आणि चिठ्ठी लिहिणार असाल तर तुमच्या नावाखाली माझंही लिहा. वैजयंती, केनवड.